चार कोटींचं गहाण: पूर्व जावातल्या एका भातशेताचं प्रकरण

पार्श्वभूमी

हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात रविवारी इंडोनेशियन घरकामगार बायका जमतात. आठवड्यातली ती एकच सुट्टी. चटया अंथरून जेवतात, केस कापतात, घरी फोन लावतात. हाँगकाँगला राहत असताना तिथल्या काही जणींसाठी मी रविवारी हिशेबाचा वर्ग घेत असे. पगार किती, गावी किती पाठवला, त्याचं पुढे काय झालं, एवढंच वहीत मांडायचं. 2022 च्या उन्हाळ्यात एकीने वहीऐवजी मोबाइल पुढे केला. त्यात एका कागदाचा फोटो होता.

शाळेच्या वहीचं रेघी पान. वर सहा हजार रुपियाचा महसुली स्टॅम्प, त्यावर आडवी सही. मजकूर चार ओळींचा: अमुक शेत, चार कोटी रुपिया घेऊन दिलं, पैसे परत केले की शेत परत. खाली दोन साक्षीदार. आणि उजव्या कोपऱ्यात वेगळ्या, निळ्या शाईत तारीख, नोव्हेंबर 2012. "ती बाबांनी नंतर घातली," ती म्हणाली. "त्यांना सगळ्यावर तारीख घालायची सवय होती."

जावात थोरल्या बहिणीला 'म्बाक' म्हणतात. मीही तिला तेच म्हणायचे, इथेही तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गाव पूर्व जावातल्या पोनोरोगो जिल्ह्यातलं, विलिस डोंगराच्या पायथ्याकडच्या सपाटीवरचं. कालव्याचं पाणी आहे. वर्षात भाताची दोन पिकं निघतात आणि कोरड्या दिवसांत मका किंवा सोयाबीन. या जिल्ह्यातून मुली हाँगकाँग, तैवान, मलेशियाला कामाला जातात, आणि गावातलं कुठलं घर कुणाच्या परदेशी पगारावर उभं राहिलं ते फरशी बघून कळतं. म्बाकच्या घराचं शेत साडेतीन हजार चौरस मीटर, म्हणजे आपले पस्तीस गुंठे. जावात अर्ध्या हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला 'गुरेम' म्हणतात, अल्पभूधारकाहून अल्प. गावातली बहुतेक घरं तशीच. घरात आई, म्बाक, मधला भाऊ आणि धाकटी बहीण. भाऊ शेती करतो. धाकटी लग्न होऊन सुराबायाला गेली, ओळखपत्रावरचा पत्ताही तिकडचाच झाला.

वडिलांचं दुखणं 2012 चं. इंडोनेशियाचा राष्ट्रीय आरोग्य विमा जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला, म्हणजे त्यांना तो सव्वा वर्षाने चुकला. इस्पितळाचे पैसे रोखीने भरायचे होते. बँकेने कर्ज दिलं नाही, कारण जमिनीचा दाखलाच नव्हता. गावच्या दप्तरात 'लेटर सी' नावाची नोंदवही असते, डच काळातल्या शेतसाऱ्याची. आपल्याकडे कुलकर्ण्याचं दप्तर असायचं तशी ती गावच्या चारिककडे, म्हणजे गावच्या चिटणिसाकडे असते. त्या वहीत शेत अजून आजोबांच्या नावावर होतं. ती सारा कुणी भरायचा ते सांगते, मालक कोण ते छातीठोकपणे सांगत नाही. बँकेला लागतो तो भूमी कार्यालयाचा दाखला, 'सेर्तिफिकात'.

जावात शेत देण्याचे जुने तीन प्रकार आहेत. 'आदोल प्लास' म्हणजे कायमची खूशखरेदी. 'आदोल ताहुनान' म्हणजे ठरावीक हंगामांसाठी खंडाने देणं. आणि 'आदोल सेंडे': शेत आणि ताबा सावकाराला, पैसे परत केले की शेत परत, तोवर पीक त्याचं. आपली मुदतखरेदी आणि कब्जेगहाण यांची ही सख्खी बहीण. गावातल्या भातगिरणीचे मालक, सगळे त्यांना पाक हाजी म्हणतात, रात्री साडेअकराला घरी आले आणि चार कोटी देऊन गेले. तेव्हाच्या भावाने भारतीय सव्वादोन लाख रुपये. शेत सेंडेवर गेलं. वडील 2013 मध्ये गेले. त्याच वर्षी म्बाक हाँगकाँगला आली.

अडचण

पाक हाजींनी शेत दुसऱ्याला कसायला दिलं नाही, भावालाच दिलं. 'मारो'वर, म्हणजे निम्म्या वाट्याने. घरच्यांना यात दिलासाच वाटला. शेतात आपलाच माणूस राबतोय, बांध तोच, पाणी तेच. पण आपल्याच शेतात आपण वाटेकरी झालो आहोत हे कुणी मोठ्याने बोललं नाही.

वर्गात आम्ही हिशेब मांडला. एका हंगामाला ओलं भात साधारण दोन टन. त्यातलं एक टन गिरणीकडे. वर्षाला दोन हंगाम, दहा वर्षांत वीस. म्हणजे वीस टन. किलोला चार ते पाच हजार रुपिया धरले तर नऊ कोटींच्या घरात, आणि खतबियाण्यातला हाजींचा निम्मा खर्च वजा केला तरी साडेसहा-सात कोटी. मुद्दल चार कोटी ते जागच्या जागी. म्बाक आकडे बघून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुन्हा एकदा बेरीज करू या."

ऑक्टोबर 2022 मध्ये तिचा करार संपणार होता. शेत सोडवून गावी राहायचं तिने ठरवलं होतं. भावाने हाजींना विचारलं तर उत्तर आलं, साडेसात कोटी. जमिनीचे भाव वाढले, चार कोटींना आता काय येतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमाराला गावात पीटीएसएल आलं. 2017 पासून चालू असलेली ही सरकारची योजना आहे: अख्ख्या गावाची मोजणी करून प्रत्येक तुकड्याला दाखला द्यायचा. जावा आणि बालीत पूर्वतयारीचा खर्च एका तुकड्याला दीड लाख रुपियाच्या वर घ्यायचा नाही असं 2017 मध्ये तीन मंत्र्यांनी मिळून ठरवून दिलं. एरवी हेच काम एकट्याने करायचं तर खर्च आणि खेटे दोन्ही कितीतरी जास्त. शिवाय 2021 च्या 18 क्रमांकाच्या सरकारी नियमाने लेटर सीसारख्या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत घातली होती: 2 फेब्रुवारी 2026 नंतर ते मालकीचा पुरावा म्हणून चालणार नाहीत. म्हणजे एकाच वेळी दोन गाठी सोडवायच्या होत्या, गहाणाची आणि नावाची. आणि नावाच्या गाठीत आणखी एक धागा निघाला. आजोबांना दोन मुलगे. थोरले काका, 'पाकदे', 1978 मध्ये सरकारी स्थलांतर योजनेतून सुमात्रात लांपुंगला गेले, तिथेच वारले. जाताना आपला वाटा रोखीने घेतला होता असं घरात सगळे सांगत. कागद नव्हता. त्यांची तीन मुलंही वारस होती.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग साडेसात कोटी देऊन मोकळं होण्याचा. म्बाकने नऊ वर्षांत साठवलेले पैसे त्यात संपले असते.

दुसरा विकण्याचा. भाऊ याच बाजूचा होता, आणि त्याचं म्हणणं ऐकून सोडून देण्यासारखं नव्हतं. शेत गावरस्त्याला लागून आहे. एक दलाल प्लॉट पाडण्यासाठी पस्तीस कोटी म्हणत होता. हाजींचे देऊन उरलेल्यात भावाला दुकान निघालं असतं. उंदीर, तुडतुडे, खताची रांग, यातून तो सुटला असता. पण दलालाची अट अशी की भातजमीन बिगरशेती होऊन मिळाली तरच पैसे. इंडोनेशियात 2009 च्या 41 क्रमांकाच्या कायद्याने अन्नधान्याच्या जमिनीला संरक्षण आहे आणि 2021 च्या अखेरीस पूर्व जावासह आठ प्रांतांतल्या संरक्षित भातशेतीचे नकाशे ठरवले गेले. चारिकने नकाशा काढून दाखवला. शेत त्यात होतं. दलालाने त्यानंतर फोन उचलला नाही.

तिसरा मार्ग कायद्याचा. वर्गाला मदत करायला एक इंडोनेशियन मुलगी येत असे, कायदा शिकलेली. कागदाचा फोटो बघून तिने पहिला प्रश्न विचारला: तारीख कुठली? 1960 च्या 56 क्रमांकाच्या कायद्याचं सातवं कलम म्हणतं की गहाण घेतलेली शेतजमीन ज्याच्याकडे सात वर्षं किंवा जास्त आहे, त्याने ती उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात मालकाला परत करावी, आणि सोडवणुकीचे पैसे मागायचा हक्क त्याला नाही. सात वर्षांच्या पिकात सावकाराचं मुद्दल फिटलं, हे त्यामागचं गृहीत. आमच्या वीस टनांचा हिशेब अगदी तेच सांगत होता. नोव्हेंबर 2019 लाच सात वर्षं भरली होती. तीन वर्षं ते घर स्वतःच्या फिटलेल्या शेताचा निम्मा वाटा देत होतं.

कलमात सात वर्षांच्या आतल्या गहाणासाठी सूत्रही आहे: साडेसातातून सरलेली वर्षं वजा करायची, सातने भागायचं आणि गहाणाच्या रकमेने गुणायचं. ते ऐकून म्बाकने स्वतःच 2017 सालचा आकडा काढला. पाच वर्षं सरलेली, म्हणजे अडीच भागिले सात गुणिले चार कोटी: एक कोटी 43 लाख. मग तिने सांगितलं की त्याच वर्षी शेत सोडवायला म्हणून तिने तीन कोटी पाठवले होते. भावाचं लग्न ठरलं होतं, छप्पर गळत होतं, मुलीकडची माणसं येणार होती. छप्पर झालं, फरशी बसली. हाजींकडे कुणी गेलंच नाही. म्बाकला हे दोन वर्षांनी कळलं होतं.

माझं मत ठाम होतं: कलम दाखवा, कोर्टात जा, एक रुपियाही देऊ नका. आज मला ते चुकीचं वाटतं, आणि चूक कुठे होती ते सांगायला हवं. पीटीएसएलमध्ये मोजलेला प्रत्येक तुकडा एका गटात पडतो. कागद सरळ असतील तर पहिला गट, दाखला मिळतो. वाद कोर्टात असेल तर दुसरा गट, नुसती नोंद होते, दाखला नाही. कोर्टात गेलो असतो तर शेत कदाचित फुकट सुटलं असतं, पण मोजणीची फेरी हातची गेली असती आणि लेटर सी 2026 कडे सरकत राहिलं असतं. दुसरी गोष्ट मला लांबून दिसलीच नव्हती. गावात गिरणी एकच. भावाचं भात तिथेच भरडलं जातं, पुढेही तिथेच जाणार.

काय केलं

नोव्हेंबर 2022 मध्ये गावच्या सभागृहात बैठक झाली. गावप्रमुख, चारिक, हाजी, आई, तिन्ही भावंडं. म्बाकने मला नंतर फोनवर तासभर सगळं सांगितलं.

चारिकने कलम वाचून दाखवलं. हाजींना ते माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले, "त्या रात्री मी कागद बघितला नव्हता. माणूस बघून पैसे दिले." यावर आई बोलली. तोवर ती काही बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "पाक हाजी, ते आम्ही विसरलेलो नाही. तुम्ही आला नसता तर ह्यांना ते सहा महिनेही मिळाले नसते. पण माझ्या पोराने दहा वर्षं तुमच्या अंगणात भात ओतलाय, तेही तुम्ही विसरू नका."

मी काढलेल्या सगळ्या आकड्यांत उपकार कुठेच धरलेला नव्हता. त्यांच्या भाषेत कर्ज दोन प्रकारचं, 'उतांग' आणि 'उतांग बुदी': पैशाचं आणि चांगुलपणाचं. पहिलं फिटलं होतं. दुसऱ्यासाठी 'ताली आसिह' असते, प्रेमाखातर द्यायची रक्कम. म्बाकने दीड कोटी म्हटलं, हाजींनी तीन, ठरले दोन. कागद मात्र या वेळी नीट केला. दहा हजारांचा स्टॅम्प, चारही सीमांचं वर्णन, साक्षीदार म्हणून गावप्रमुख, आणि स्पष्ट वाक्य की ही रक्कम सोडवणूक नसून स्वखुशीची आहे, गहाण 2019 लाच संपलं आहे. हे वाक्य घालण्याचा आग्रह धाकटीचा. पुढे कुणी 'दोन कोटी राहिलेच होते' म्हणायला नको म्हणून. मार्चचं भात निघालं की ताबा.

मग वाटणी. भाऊ म्हणाला, रीतीप्रमाणे करू: 'सेपिकुल सेगेंडोंगान'. पिकुल म्हणजे कावड, दोन टोकांना दोन ओझी. गेंडोंगान म्हणजे पाठीवर कापडात बांधलेलं एक. पुरुष कावड वाहतो म्हणून त्याला दोन वाटे, बाईला एक. दुसरी रीत 'सिगार सेमांका', कलिंगड चिरल्यासारखे सारखे भाग. दोन्ही जावाच्याच, घर आपल्याला हवी ती निवडतं. आईने भावाला विचारलं, "या घरात कावड कोणी वाहिली?" भावाने उत्तर दिलं नाही, पण वादही घातला नाही.

धाकटीच्या बाबतीत एक कायदा आडवा आला. 1961 च्या 224 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक जमिनीच्याच तालुक्यात राहणारा हवा. बाहेरच्याने ती ठेवायची नाही, वारशाने आली तरी मुदतीत दुसऱ्याला द्यावी लागते. गावोगावी याकडे डोळेझाक होते, पण दाखल्यावर नाव चढवताना ओळखपत्र मागतात. हा नियम घरवाडीला लागू नाही. म्हणून शेत म्बाक आणि भाऊ यांच्या नावे निम्मं-निम्मं, आणि घरामागची अडीचशे चौरस मीटर जागा, नारळाची चार झाडं आणि विहिरीसकट, वेगळी मोजून धाकटीला. आई आहे तोवर शेताच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा तिचा.

लांपुंगच्या चुलतभावंडांची मला सगळ्यात धास्ती होती. पस्तीस कोटींचा आकडा त्यांच्याही कानावर गेला होता. फोन झाले. त्यांनी लिहून द्यायची तयारी दाखवली आणि एकच मागणं मागितलं: आम्हाला आजोबांची कबर दाखवा. रमजानच्या आधीच्या 'रुवाह' महिन्यात जावात कबरींवर फुलं वाहायला जातात. त्यातला थोरला 2023 च्या रुवाहमध्ये बसने आला, बसभाडं म्बाकने दिलं. कबरीवर पाणी आणि फुलं घातली, मग चारिकसमोर तिघांची संमतिपत्रं ठेवली.

मार्चमध्ये मोजणीला मीही गेले. भात नुकतंच काढलं होतं, खाचरात धसकटं आणि बदकं. त्या फेब्रुवारीत देशभर एका दिवसात दहा लाख खुंट रोवायची सरकारी मोहीम झाली होती, त्यामुळे सिमेंटचे खुंट गावात सहज मिळत होते. चारही कोपऱ्यांवर शेजारी यायला लागतात आणि सही करावी लागते. पूर्वेच्या बांधाशी काम थांबलं. बांध दरवर्षी चिखलाने लिंपताना हातभर आत सरकला होता. शेजारी म्हणे बांध आहे तिथेच आहे. भाऊ काही न बोलता खाली बसला आणि कुदळीने बांधाच्या मुळाशी उकरू लागला. गुडघाभर खाली जुन्या बांबूचा काळा पडलेला बुंधा लागला, आजोबांच्या वेळचा. शेजाऱ्याने तो बोटाने चाचपला आणि सही केली.

निष्पत्ती

2023 च्या अखेरीला सभागृहात हिरव्या कव्हरचे दाखले वाटले गेले. या घराला तीन मिळाले: शेत, घर, मागची जागा. ते आईच्या खाटेखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत.

दलालाचे पस्तीस कोटी मिळाले नाहीत, आणि पस्तीस गुंठ्यांवर दोन घरं चालत नाहीत हे सत्य दाखल्याने बदललेलं नाही. 2025 मध्ये सरकारने ओल्या भाताचा खरेदीभाव किलोला 6,500 रुपिया केला. त्या मार्चच्या पिकाचे हातात आले ते एक कोटी तीस लाखांच्या आसपास, त्यातून खर्च, त्यातून आईचा तिसरा हिस्सा. म्बाकला हाँगकाँगमध्ये 2019 पासून महिन्याला 4,630 हाँगकाँग डॉलर मिळत, म्हणजे दोन महिन्यांत ती याहून जास्त कमवायची. तरी तिला विचारलं तर ती शेताचं नाव घेते. भाऊ आता ट्रॅक्टर भाड्याने चालवतो आणि शेत सकाळ-संध्याकाळ बघतो. म्बाकने पंप घ्यायला सहा टक्क्यांचं सरकारी शेतीकर्ज काढलं. बँकेच्या माणसाने दाखला ठेवायला सांगितला. दहा कोटींच्या आतल्या या कर्जाला वेगळं तारण लागत नाही, हे तिला वाचून माहीत होतं. दाखला डब्यातून निघाला नाही, कर्ज मिळालं.

काय वेगळं करता आलं असतं

2012 च्या त्या रात्री त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण लेटर सीवरचं नाव त्याआधी कित्येक वर्षं बदलता आलं असतं. दाखला असता तर बँकेने दारात उभं करून घेतलं असतं. थोरल्या काकांकडून 1978 मध्ये एक ओळ लिहून घेतली असती तर चव्वेचाळीस वर्षांनी त्यांच्या मुलांच्या भलेपणावर अवलंबून राहावं लागलं नसतं. ती भली निघाली. नसती निघाली तर हे प्रकरण वेगळंच लिहावं लागलं असतं.

2017 ची चूक भावाच्या एकट्याची मला वाटत नाही. पैसे त्याच्या खात्यात आले, सोबत फक्त एक फोन आला, आणि घराचं छप्पर खरंच गळत होतं. त्यानंतर वर्गात मी सांगू लागले की शेत सोडवायचे पैसे सावकाराच्या हाती, साक्षीदारासमोर, पावती घेऊनच जावेत. म्बाकने ते तेव्हा केलं असतं तर दोन कोटीही द्यावे लागले नसते, आणि पाच वर्षांचं, म्हणजे दहा हंगामांचं निम्मं भात घरात राहिलं असतं.

दोन कोटी द्यायला हवे होते का, यावर म्बाकचं आणि माझं अजून एकमत नाही. मला रक्कम जास्त वाटते. ती म्हणते, आई रोज त्या गिरणीवरून जाते.

सध्या ती गावात दर शुक्रवारी दुपारी लोकांचे सेंडेचे कागद वाचून देते. बायकाच जास्त येतात, कागद ओढणीच्या टोकात बांधून आणतात. ती सगळ्यात आधी उजवा कोपरा बघते. बऱ्याच कागदांवर तारीखच नसते, आणि मग सात वर्षं कुठून मोजायची, ते शोधायला त्या दोघी मिळून आठवू लागतात: त्या वर्षी कुणाचं लग्न होतं, पूर कधी आला होता, कुठलं मूल रांगत होतं.